गाडीखालचा डबा आणि घरातला श्वास

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांच्या आठ वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला आहे. गाडी चढ चढत नाही आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा विझत नाही. कंपनीचा नवा कन्व्हर्टर महाग पडतो. मेकॅनिकचा सल्ला असा की, तो डबा काढूनच टाका आणि सरळ पाईप जोडून घ्या, मायलेजही वाढेल. धाकटे चिरंजीव म्हणतात, मोबाईलवर सगळे दाखवतात, बाजारातून डबा आणून येत्या सुट्टीत घरच्या शेडमध्ये मीच बसवतो. गुरुजींना स्वतःला दम्याचा त्रास आहे, सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि शेडची खिडकी स्वयंपाकघराला लागून आहे. या सगळ्यात प्रकृतीला धोका किती, असे त्यांनी विचारले आहे.

आरोग्याच्या सदरात नट-बोल्टाच्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हा डबा गाडीला लावला गेला तो गाडीच्या सोयीसाठी नव्हे, तर रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसासाठी. तेव्हा त्याची चौकशी डॉक्टरकडे होणे वावगे नाही.

डब्यात असते काय?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान स्टेनलेस स्टीलच्या आवरणात भाजलेल्या मातीची, म्हणजे सिरॅमिकची, एक वीट बसवलेली असते. तिला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो बारीक छिद्रे असतात. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. सगळे धातू मिळून भरतात फक्त काही ग्रॅम, पण किमतीचे मूळ तेच. इंजिनातून निघालेला धूर या छिद्रांतून जातो तेव्हा त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडचे रूपांतर कार्बन डायऑक्साईडमध्ये होते, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफांचे पाणी व कार्बन डायऑक्साईड होते, आणि नायट्रोजनची ऑक्साईडे मोडून पुन्हा साधा नत्रवायू तयार होतो. धातू स्वतः खर्ची पडत नाही. दुसऱ्यांचे लग्न जुळवून देऊन आपण बाजूला राहणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम असते. हा डबा पुरता तापलेला आणि चांगल्या स्थितीत असेल तर धुरातला नव्वद टक्क्यांहून अधिक विषारी भाग तो नाहीसा करतो.

‘पुरता तापलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमान झाल्याखेरीज हा डबा कामाला लागत नाही. सकाळी थंड गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे तो जवळजवळ झोपलेलाच असतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

शिसे गेले ते या डब्यामुळे

यूजीन हूड्री या मूळच्या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकात असा कन्व्हर्टर तयार केला होता, पण तो गाड्यांना लावता येईना. कारण त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत आणि शिशाचा थर बसला की प्लॅटिनम निकामी होई. अमेरिकेत १९७० साली हवाशुद्धीचा कडक कायदा झाला, १९७५ च्या मॉडेलांपासून गाड्यांना कन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल पंपांवर मिळू लागले.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. गंमत अशी की मुंबईत घेतलेली नवीकोरी गाडी सुट्टीत गावाकडे आली की आमच्या पंपावर तिच्यात शिसेवाले पेट्रोल पडायचे आणि महागाच्या डब्याचे आयुष्य तेथेच आखडायचे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले. जगात शेवटी उरला होता अल्जीरिया, तेथेही जुलै २०२१ मध्ये ते बंद झाले.

शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, बुद्धी व एकाग्रता कमी करते आणि मुलांच्या रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, हे आज वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. म्हणजे एका यंत्राचा भाग खराब होऊ नये म्हणून जे शिसे काढायला मदत झाली, त्याचा मोठा लाभ लहान मुलांना मिळाला. माणसासाठी जे लवकर झाले नाही ते डब्यासाठी झाले, असेही म्हणता येईल!

आधी डबा का बिघडला ते पाहा

गुरुजी, चिरंजीवांना पहिला प्रश्न हा विचारा. कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो, बहुधा त्याला मारले जाते. प्लग किंवा इग्निशन कॉइल सदोष असेल तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन तेथे जळते आणि आतली वीट इतकी तापते की वितळून छिद्रे बुजतात. इंजिन ऑईल पिऊ लागले असेल, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट आत झिरपत असेल, तर त्याचा थर बसतो. खाली दगड आपटला तर वीट फुटते आणि डबा हलक्या हाताने ठोकला की आत खुळखुळ वाजते. मूळ दोष तसाच ठेवून नवा डबा बसवला तर तोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाईल.

शिवाय इंजिनाचा पिवळा दिवा म्हणजे कन्व्हर्टरच गेला, असेही नाही. तपासणी यंत्रावर ‘पी ०४२०’ असा संकेत आला की अनेक जण लगेच नवा डबा मागवतात. त्या संकेताचा अर्थ कन्व्हर्टरचे काम अपुरे दिसते आहे, एवढाच. ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल किंवा जोडातून धूर गळत असेल तरी तो येऊ शकतो. ताप आला म्हणून थर्मामीटर बघून मलेरियाची गोळी देण्यासारखे हे आहे. आणि तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. लुकलुकणे म्हणजे बहुधा मिसफायर, आणि त्या काळात डबा आतून भाजून निघत असतो.

सरळ पाईप टाकावा काय?

नाही. या उत्तरात ‘पण’, ‘परंतु’ काही नाही.

मायलेज वाढते हा समज कोठून आला ते समजून घ्या. बुजलेला डबा काढला की कोंडलेला धूर मोकळा होतो आणि गाडी अर्थातच बरी पळते. मेकॅनिक म्हणतो, पाहा, डबा काढला की गाडी सुटली. परंतु नव्या, मोकळ्या डब्यानेही ती तशीच पळाली असती. चांगला कन्व्हर्टर धुराला फारसा अडवत नाही. उलट डबा काढल्यावर मागचा सेन्सर तक्रार करू लागतो आणि इंजिनाचा दिवा कायमचा पेटलेला राहतो. पुढे खरोखर काही बिघडले तरी ते कळायची सोय उरत नाही.

आता प्रकृतीची बाजू. डबा नसलेल्या गाडीतून कार्बन मोनॉक्साईड, नायट्रोजनची ऑक्साईडे आणि न जळलेल्या वाफा थेट बाहेर पडतात. या वाफांत बेंझिन असते आणि ते रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरते, हे सिद्ध झालेले आहे. नायट्रोजन डायऑक्साईडने श्वासनलिकांना सूज येते, दमेकऱ्याचा दमा उसळतो आणि लहान मुलांत छातीचे संसर्ग वाढतात. उन्हात या ऑक्साईडांची आणि वाफांची प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, तोही फुफ्फुसाला जाचक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नायट्रोजन डायऑक्साईडची वार्षिक मर्यादा घनमीटरला चाळीस मायक्रोग्रॅमवरून एकदम दहावर आणली, ती या वायूचे दुष्परिणाम पूर्वी वाटले त्याहून कमी प्रमाणातही दिसून आले म्हणूनच.

या धुराचा पहिला घास गाडीतल्या माणसाला मिळत नाही. तो मिळतो शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पोराला, एसटी स्टँडसमोर चहाची गाडी लावणाऱ्याला आणि बाजारात जमिनीवर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला. सायलेन्सरचे तोंड आणि त्यांचे नाक यांत फार अंतर नसते. गुरुजींच्या घरी तर दमेकरी आणि गरोदर स्त्री दोघेही आहेत, आणि गाडी रोज त्यांच्याच अंगणात सुरू होणार.

कायद्यानेही हे चालत नाही. भारत स्टेज-४ किंवा त्यापुढच्या पेट्रोल गाडीला पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. डब्याशिवाय ते साधणे कठीण. मग कोठून तरी कागद मिळवायचा, हे ओघाने येते. तो मिळतोही, हे आपण सारे जाणतो. कागद स्वच्छ निघाला तरी हवा तीच राहते.

बंद शेडमधला न दिसणारा वायू

डबा बदलण्याच्या कामात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या गोष्टीची, म्हणून येथे थोडे थांबू. काम करण्याआधी आवाज ऐकण्यासाठी, दोष पाहण्यासाठी, आणि काम झाल्यावर गळती तपासण्यासाठी गाडी सुरू करावी लागते. शेड लहान, पावसाचे दिवस असले तर दार ओढून घेतलेले, आणि गाडीचा डबा एकतर निकामी किंवा काढून ठेवलेला. म्हणजे विषारी धूर न गाळता त्याच खोलीत.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. या वायूला हिमोग्लोबिनची ओढ प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त. तो एकदा चिकटला की प्राणवायूला जागाच राहत नाही. एसटीत सगळ्या सीटवर रुमाल टाकून ठेवावेत तसे होते. गाडी धावते आहे, पण खऱ्या प्रवाशाला बसायला मिळत नाही. हवेत हा वायू ०.१६ टक्के इतका झाला तरी सुमारे वीस मिनिटांत डोके दुखू लागते, चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो. कन्व्हर्टर नसलेल्या इंजिनाच्या धुरात तो काही टक्के असू शकतो. लहान शेडमध्ये हे प्रमाण किती लवकर गाठले जाईल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

माझ्या गाडीला डबा चांगला आहे, मग शेडमध्ये सुरू ठेवायला हरकत काय, असे कोणी म्हणेल. हरकत आहे. थंड डबा झोपलेला असतो हे वर सांगितले आहेच. शिवाय बंद जागेत इंजिनाला मिळणारी हवाच हळूहळू निकृष्ट होत जाते. दार अर्धे उघडे ठेवणे हाही इलाज नव्हे, कारण वारा आतल्या बाजूला असेल तर धूर घरातच लोटला जातो. गुरुजींच्या शेडची खिडकी स्वयंपाकघरात उघडते, त्यामुळे तिथे तर इंजिन सुरू करूच नये. गाडी ढकलून अंगणात, उघड्यावर आणावी, सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करावे आणि मगच चावी फिरवावी. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात माणूस असताना वर इंजिन सुरू करू नये.

या विषबाधेची सुरुवात साध्या डोकेदुखीने होते, तेथेच फसगत होते. उपाशीपोटी काम केले, ऊन लागले, पित्त चढले, असे म्हणून माणूस तिथेच जरा टेकतो. खूण अशी: बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते आणि आत गेल्यावर पुन्हा डोके धरते, किंवा घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी दुखू लागते. कोणी कोसळलेला दिसला तर आधी सगळी दारे उघडा, गाडी बंद करा आणि त्याला तत्काळ उघड्यावर ओढून आणा. आत रेंगाळू नका, नाही तर एकाचे दोन रुग्ण होतात. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे, बेशुद्धाच्या तोंडात लिंबूपाणी ओतणे यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करा आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. इलाज एकच, प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो.

कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत त्या यंत्रावर अजिबात विसंबू नका. चिकटलेला वायू प्राणवायू आहे की कार्बन मोनॉक्साईड हे त्याला ओळखता येत नाही. माणूस मरणाच्या दारात असतानाही ते ९८ दाखवू शकते. डॉक्टरांना मात्र ‘बंद जागेत गाडी चालू होती’ हे वाक्य आवर्जून सांगा. त्या एका वाक्यावर निदान ठरते. बरे वाटले तरी रुग्णालयात जावे, कारण काही रुग्णांत स्मरणशक्ती आणि वागणुकीतले बदल काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसू लागतात.

गरोदर स्त्रीची गोष्ट अधिक नाजूक. पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि तेथून निघायलाही जास्त वेळ घेतो. आईला फक्त डोके जड वाटत असताना बाळाला गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा काम चालू असताना सूनबाईंनी दिवसभर माहेरी किंवा शेजारी जावे हे उत्तम. चहा घेऊन शेडमध्ये जाण्याचे काम त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

गाडीखाली शिरण्यापूर्वी

लहान मोटारीचे वजन आठशे ते हजार किलो असते. ती छातीवर टेकली तर श्वास घ्यायला बरगड्या हलत नाहीत आणि काही मिनिटांत खेळ संपतो. गाडीसोबत मिळणारा जॅक टायर बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, लाकडाचे ओंडके यांची रचना आमच्याकडे सर्रास केली जाते. ठोकळा तडा जाताना आधी सूचना देत नाही. वजन पेलणारे लोखंडी स्टँड जोडीने भाड्याने किंवा गॅरेजवाल्याकडून मागून आणावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावेत. जमीन सपाट आणि टणक हवी. मुरमाच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात स्टँडचा पाय रुततो. जमिनीवर टेकलेल्या चाकांना ओट लावावी, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे गाडी घसरलीच तर त्यावर अडते. खाली जाण्यापूर्वी गाडीला बाहेरून हलवून पाहावे. एकट्याने हे काम करू नये आणि सोबतीला असलेल्याने मोबाईलमध्ये डोके घालून बसू नये.

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत कन्व्हर्टर खाली नसून बॉनेटच्या आत, थेट इंजिनाच्या मॅनिफोल्डला जोडलेला असतो. काही गाड्यांत तो वेल्डिंग केलेला असतो. या दोन्ही प्रकारांत घरच्या कामाचा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे. बोल्टने जोडलेला, हाताला येण्याजोगा डबा असेल, तरच चिरंजीवांच्या उत्साहाला वाव द्या.

गाडी थांबवून किमान चार-पाच तास, शक्य तर रात्रभर, निवू द्यावी. वरून थंड वाटणाऱ्या आवरणाच्या आत उष्णता बराच वेळ टिकते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. गरम पाईपवर ते शिंपडू नये, पेट घेते. पाना घसरला की बोटांची सालटी निघतात, तेव्हा जाड हातमोजे हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे साधा, बाजूंनी बंद असलेला चष्मा. उताणे पडून ठोकाठोक केली की गंजाचे कपचे नेमके डोळ्यात पडतात. पडलाच कण, तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. शेजारच्या कोणाकडून पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण ‘काढून’ घेण्याची पद्धत अजूनही दिसते. तसे केलेल्या डोळ्यांत पुढे बुबुळाला जखम होऊन फूल पडते. धुऊन निघाला नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, गंजाचा कण रात्रभर राहिला तर त्याभोवती गंजाचे वर्तुळ बसते.

जुना डबा फोडून आत काय आहे ते पाहण्याचा मोह टाळा. विटेभोवतीच्या गादीत सिरॅमिकचे सूक्ष्म तंतू असू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उष्णतारोधक सिरॅमिक तंतूंची गणना ‘कर्करोगाची शक्यता असलेले’ या गटात केली आहे. ग्राइंडरने डबा कापला की ही धूळ थेट श्वासात जाते, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. प्लॅटिनम काढण्यासाठी वीट आम्लात विरघळवण्याचे उद्योगही काही जण करतात. प्लॅटिनमच्या क्षारांमुळे धातुशुद्धीच्या कारखान्यांतील कामगारांना दमा झाल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. डबा अख्खाच विकावा, त्याला भंगारातही चांगला भाव येतो. तो असा येतो की चोरही त्यावर टपलेले असतात. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला, तेव्हा अमेरिकेत रात्री उभ्या गाड्यांखालून करवतीने डबे कापून नेण्याची लाटच आली होती.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. आपल्या गावातील बऱ्याच जणांची मुले तिकडे आहेत. तेथे मजुरी महाग, त्यामुळे इथे कधी पाना न धरलेला मुलगाही तिथे गाडीखाली शिरतो. थंडीमुळे घराला जोडलेल्या गॅरेजचे दार बंद करून काम करण्याची सवय तेथे घातक ठरते. आगीच्या घटना वगळूनही त्या देशात दरवर्षी चारशेहून अधिक माणसे कार्बन मोनॉक्साईडने अपघाती मरतात. या वायूची सूचना देणारा गजर तेथे कोणत्याही दुकानात मिळतो. पुढच्या फोनमध्ये मुलाला तेवढे विचारून घ्या. आणि कन्व्हर्टरला तेथे कायद्याने आठ वर्षे किंवा ऐंशी हजार मैलांची हमी असते, तेव्हा खिशातले पैसे घालण्यापूर्वी गाडीचे वय बघायला सांगा.

बसवून झाल्यावर

नव्या डब्यावर धुराची दिशा दाखवणारा बाण असतो, तो इंजिनाकडून सायलेन्सरकडे हवा. गॅस्केट आणि नट नवेच वापरावेत. सेन्सरची वायर गरम पाईपला टेकू देऊ नये आणि उष्णता अडवणारा पत्रा जागच्या जागी परत लावावा. ‘खडखड करतो’ म्हणून तो फेकून देणारे बरेच भेटतात. पहिल्यांदा गाडी सुरू केली की हाताचे तेल आणि आतली गादी तापून थोडा धूर, जळका वास येतो. तो जाईपर्यंत गाडी उघड्यावर असावी आणि दमेकऱ्यांनी लांब राहावे. इंजिन थंड असताना जोडातून टिकटिक असा आवाज येत असेल किंवा काही दिवसांनी जोडाभोवती काजळी दिसली तर गळती आहे. ती तशीच ठेवून काचा बंद करून, एसी लावून प्रवास करू नये. गाडीखालचा धूर फटींतून आत येतो, आणि मागच्या सीटवर पेंगणारी मुले झोपली आहेत की गुंगीत आहेत हे कळत नाही. मग पीयूसी केंद्रावर जाऊन यंत्रावरचे आकडे स्वतः पाहावेत, नुसता कागद घेऊन येऊ नये.

चालत्या गाडीचा हा डबा शेकडो अंश तापतो. म्हणून वाळल्या गवतावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करू नये. सुगीच्या दिवसांत रस्त्यावर मळणीसाठी तूर, सोयाबीन पसरलेले असते. त्यावरून गेल्यावर काड खाली गुंडाळले जाते आणि डब्याला लागून पेट घेऊ शकते. पुढे थांबून वाकून पाहावे आणि काठीने काढून टाकावे.

भाजलेच तर भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून धरावा, कारण दोन मिनिटांत बरे वाटते आणि माणूस नळ बंद करतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. अंगठी, कडे सूज येण्याआधी काढावे. फोड फोडू नये, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळावे. तळहाताहून मोठे किंवा चेहऱ्यावरचे, सांध्यावरचे भाजणे रुग्णालयातच दाखवावे. गंजाने धनुर्वात होतो असे सर्वांनाच वाटते. खरे तर त्याचे जंतू माती-शेणात असतात, आणि गाडीखाली पडलेल्या माणसाच्या जखमेला माती लागतेच. मागची लस कधी घेतली हे आठवत नसेल तर ती घ्यावी. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता धनुर्वात आणि घटसर्प अशा दोन्ही रोगांवरची टीडी ही लस सरकारी दवाखान्यात मिळते.